वारणा खोऱ्यातील संगणक प्रकल्प आणि महाजालावरील मराठी वृत्त : नवमाध्यम आरेखनाच्या दृष्टीने एक विचार

प्रस्तावना

कोल्हापूर जिल्ह्याच्या पन्हाळा तालुक्यातील कोडोली आणि त्याला लागून असलेले वारणानगर ही नावे सहकाराच्या अभ्यासकांना नवी नाहीत. तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकाराने विसाव्या शतकाच्या सहाव्या दशकात येथे सहकारी साखर कारखाना आकारास आला आणि त्याच्या आधाराने पुढे दूध संघ, ग्राहक भांडार, शिक्षणसंस्था व बालवाद्यवृंद अशा संस्थांची साखळी निर्माण झाली. माहिती तंत्रज्ञानाच्या अभ्यासकांना मात्र हा परिसर आणखी एका कारणाने परिचित आहे. इ. स. १९९८ मध्ये, म्हणजे देशात इंटरनेट सर्वसामान्यांना उपलब्ध होऊन अवघी तीन वर्षे झाली असताना, वारणा खोऱ्यातील ७० गावे संगणकाने जोडण्याचा प्रकल्प येथे हाती घेण्यात आला. 'वायर्ड व्हिलेज' या नावाने तो देशभर गाजला.

या घटनेला आता पाव शतकाहून अधिक काळ लोटला आहे. दरम्यान संगणकाची जागा मोठ्या प्रमाणावर भ्रमणध्वनीने घेतली, मराठी वृत्तपत्रे महाजालावर आली, आणि गावातील वाचक सकाळच्या अंकाची वाट न पाहता हातातील पडद्यावर बातमी वाचू लागला. साधने बदलली, पण १९९८ मध्ये उपस्थित झालेला मूळ प्रश्न तसाच आहे. माहिती नेमक्या माणसापर्यंत, नेमक्या वेळी आणि त्याला कळेल अशा रूपात पोहोचते काय? हा प्रश्न यंत्राइतकाच आरेखनाचा आहे. प्रस्तुत लेखात वारणेच्या प्रकल्पाचा अनुभव आणि महाजालावरील मराठी वृत्ताची घडण यांचा नवमाध्यम आरेखकाच्या दृष्टीने एकत्रित विचार केला आहे.

नवमाध्यम आरेखन : संकल्पना

'आरेखन' म्हटले की रंगसंगती, चित्रे आणि सजावट एवढाच अर्थ सामान्यतः घेतला जातो. नवमाध्यमाच्या संदर्भात हा अर्थ अपुरा पडतो. छापील पानाचे आरेखन एकदा झाले की ते पान स्थिर राहते. संकेतस्थळाचे पान मात्र वाचकागणिक बदलते. कोणी ते मोठ्या पडद्यावर पाहतो, कोणी तळहाताएवढ्या. कोणी जलद जोडणीवर, कोणी रेंज नसलेल्या शिवारात. त्यामुळे नवमाध्यम आरेखकाला पान कसे दिसेल याआधी ते कोण वापरणार, कोणत्या कामासाठी वापरणार आणि कोणत्या परिस्थितीत वापरणार, या तीन प्रश्नांची उत्तरे शोधावी लागतात.

हा विचार मराठी पत्रकारितेला सर्वस्वी परका नाही. बाळशास्त्री जांभेकर यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' सुरू केले तेव्हा एका स्तंभात मराठी आणि शेजारच्या स्तंभात इंग्रजी मजकूर अशी मांडणी स्वीकारली. ही मांडणी केवळ शोभेची नव्हती. राज्यकर्ते आणि देशी वाचक या दोन वर्गांनी एकच मजकूर वाचावा, हा हेतू त्या दोन स्तंभांतून व्यक्त होत होता. वाचक कोण, हे ठरल्यावर पानाचे रूप ठरले. नवमाध्यमांतही क्रम हाच असावा लागतो. प्रत्यक्षात मात्र अनेकदा यंत्रसामग्री आधी येते आणि वाचकाचा शोध नंतर सुरू होतो.

वारणा प्रकल्प : अपेक्षा आणि प्रत्यक्ष वापर

वारणेचा प्रकल्प केंद्र शासनाच्या माहिती तंत्रज्ञानविषयक कृतिदलाच्या प्रेरणेने सुरू झाला. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र, महाराष्ट्र शासन आणि वारणा विभाग शिक्षण मंडळ यांनी तो मिळून राबवला. खर्चाचा निम्मा भार केंद्राने, चाळीस टक्के राज्याने आणि दहा टक्के शिक्षण मंडळाने उचलावा, अशी रचना होती. कोल्हापूर व सांगली या दोन जिल्ह्यांतील गावांसाठी ५४ ठिकाणी संगणक केंद्रे उभारण्यात आली आणि ती वारणानगरच्या मध्यवर्ती व्यवस्थेशी जोडण्यात आली.

अपेक्षांची यादी मोठी होती. उसाच्या व्यवहारांची नोंद, पीकविषयक सल्ला, बाजारभाव, जमिनीचे उतारे, आरोग्य व शिक्षणाची माहिती आणि शासकीय योजना, हे सारे गावातील एका केंद्रातून मिळावे, असा संकल्प होता. त्या काळी हा संकल्प धाडसी होता, हे मान्य केले पाहिजे. पुढे देशभर निघालेल्या ग्रामीण माहिती केंद्रांचा विचार करताना वारणेचे उदाहरण वारंवार दिले गेले.

प्रत्यक्ष वापराचे चित्र निराळे निघाले. नंतरच्या अभ्यासांत असे आढळले की केंद्रांचा खरा उपयोग प्रामुख्याने साखर कारखान्याच्या व्यवहारांपुरता होत होता. किती टन ऊस गेला, तोडणीची पाळी केव्हा, खताची उचल किती, ही माहिती घेण्यासाठी शेतकरी केंद्रावर येत. व्यापक माहितीजालाची कल्पना त्या मानाने मागे पडली.

या निष्कर्षाकडे अपयश म्हणून पाहण्याची घाई करू नये. त्यात एक महत्त्वाची शिकवण आहे. ऊस उत्पादकाला काटा-पावतीची माहिती हवी होती, कारण त्याचे वर्षाचे बिल तिच्यावर अवलंबून होते. ती माहिती कारखान्यात दररोज आपोआप तयार होत होती, तिची जबाबदारी ठरलेली होती आणि ती चुकली तर जाब विचारण्याची जागाही ठरलेली होती. म्हणजे गरज, मजकूर आणि जबाबदारी या तिन्ही गोष्टी तेथे एकत्र आल्या. पीकसल्ला किंवा बाजारभाव यांसारखी माहिती ताजी ठेवायची तर ती रोज जमा करणारा, तपासणारा आणि मराठीत लिहिणारा माणूस लागतो. संगणक हे काम करीत नाही. कोणत्याही महाजाल प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात यंत्रांचा खर्च ठळकपणे असतो. मजकूर लिहिणाऱ्याच्या वेतनाची ओळ मात्र शोधावी लागते. प्रकल्पाचे भवितव्य बहुधा या दुसऱ्या ओळीवर ठरते.

तारेकडून भ्रमणध्वनीकडे

या प्रकल्पाचा दुसरा टप्पा आरेखनाच्या दृष्टीने अधिक बोलका आहे. काही वर्षांतच गावोगावचे संगणक जुने झाले आणि त्यांची देखभाल खर्चिक ठरू लागली. त्या सुमारास मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडिया या संस्थेतील राजेश वीरराघवन, नागा यशोधर आणि केंटारो टोयामा या संशोधकांनी 'वारणा अनवायर्ड' हा प्रयोग केला. संगणक केंद्रात मिळणारी तीच माहिती साध्या भ्रमणध्वनीवर लघुसंदेशाने देता येईल काय, हे त्यांना तपासायचे होते. सात गावांत आठ महिने ही चाचणी चालली. २००७ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. केंद्रातील संगणकावर होणारी सर्व कामे लघुसंदेशाने होऊ शकली. नवी व्यवस्था स्वस्त पडली, अधिक सोयीची ठरली आणि शेतकऱ्यांनी तिला अधिक पसंती दिली.

या प्रयोगाचे मर्म समजून घेण्यासारखे आहे. संशोधकांनी अधिक प्रगत यंत्र आणले नाही. उलट पडदा लहान झाला, अक्षरे मोजकी झाली आणि चित्रे नाहीशी झाली. तरीही सेवा सुधारली, कारण काम नेमके कोणते आहे हे आधीच्या आठ-नऊ वर्षांच्या वापरातून स्पष्ट झालेले होते. प्रश्न एक, उत्तर एक, आणि तेही केंद्रापर्यंत न जाता. आरेखन म्हणजे भर घालणे नसून अनेकदा वगळणे असते, हे येथे प्रत्यक्ष दिसते.

५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाल्यानंतर स्वस्त इंटरनेट खेड्यापाड्यांत झपाट्याने पसरले. ज्या खोऱ्यात १९९८ मध्ये गावाला एक संगणक पोहोचवण्यासाठी केंद्र व राज्य शासनांना पुढे यावे लागले, तेथे आज घरोघरी भ्रमणध्वनी आहेत. जोडणीचा प्रश्न बराचसा सुटला आहे. मजकुराचा प्रश्न मात्र सुटलेला नाही.

मराठी अक्षराचा प्रवास

मराठी वृत्त महाजालावर वाचता येण्यापूर्वी एक मूलभूत अडथळा दूर व्हावा लागला. तो अक्षराचा होता. संगणक अक्षरे ओळखत नाही. तो अंक ओळखतो. प्रत्येक अक्षराला एक सांकेतिक क्रमांक दिलेला असतो. प्रारंभीच्या काळात देवनागरी टंक तयार करणाऱ्यांनी रोमन अक्षरांच्या क्रमांकांवरच मराठी आकार बसवले. पडद्यावर 'क' दिसे, पण संगणकाच्या लेखी ते एखादे रोमन अक्षर असे. प्रत्येक उत्पादकाची मांडणी निराळी असल्याने एका टंकातील मजकूर दुसऱ्या टंकात निरर्थक चिन्हांची रांग होऊन दिसे.

मराठी वृत्तपत्रांची संकेतस्थळे अशा टंकांवर उभी होती तोवर वाचकाला आधी त्या संकेतस्थळाचा टंक उतरवून घ्यावा लागे, किंवा संकेतस्थळाला तो पानासोबत पाठवण्याची युक्ती योजावी लागे. याचे दोन परिणाम झाले. पहिला असा, की शोधयंत्रांना हा मजकूर मराठी म्हणून दिसतच नव्हता. दुसरा परिणाम अधिक गंभीर आहे. त्या काळातील जो मजकूर पुढे रूपांतरित केला गेला नाही, तो उपलब्ध असूनही वाचनीय राहिला नाही. छापील अंक ग्रंथालयाच्या फडताळात शंभर वर्षे टिकतो. पंचवीस वर्षांपूर्वीचे मराठी संकेतपान मात्र उघडूनही वाचता येत नाही, अशी विचित्र स्थिती निर्माण झाली.

यावरचा उपाय म्हणजे सर्व लिप्यांसाठी एकच क्रमांकन. भारतीय लिप्यांसाठी १९९१ मध्ये 'इस्की' हे राष्ट्रीय मानक निश्चित झाले आणि त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. युनिकोडमध्ये देवनागरीला स्वतंत्र जागा मिळाली. अक्षर उच्चाराच्या क्रमाने साठवायचे आणि दाखवताना लिपीच्या नियमांनी जोडायचे, हे त्यामागील तत्त्व आहे. 'किल्ला' या शब्दातील पहिली वेलांटी दिसते 'क'च्या आधी, पण साठवली जाते 'क'नंतर. विंडोज २००० या प्रणालीपासून ही सोय सामान्य संगणकावर आली. तिच्यासोबत आलेला 'मंगल' हा टंक सुलेखनकार प्रा. र. कृ. जोशी यांच्या मार्गदर्शनाखाली घडला होता, ही बाब मराठी वाचकांनी लक्षात ठेवावी अशी आहे.

तरीही मराठीच्या काही गरजा देवनागरीच्या सामान्य व्यवस्थेत सहज बसत नव्हत्या. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधील खोल भाग. रफार आणि अर्धा र यांतील फरक न दाखवणारा टंक सह्याद्रीच्या दऱ्यांचा समुद्र करून टाकतो. 'ॲ' या स्वराला युनिकोडमध्ये स्वतंत्र क्रमांक २००८ मध्ये मिळाला. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमालेचे रूप निश्चित केले आणि त्यात 'ल' व 'श' यांच्या मराठी वळणाचा आग्रह धरला. टंक ही सजावटीची बाब आहे, असे मानणाऱ्यांनी हा इतिहास पाहावा. अर्थ, शोध आणि जतन या तिन्ही गोष्टी अक्षराच्या मागील क्रमांकावर अवलंबून असतात.

महाजालावरील वृत्त आणि काळाचे भान

छापील वृत्तपत्राच्या प्रत्येक पानावर दिनांक असतो. बातमीचे कात्रण जुने असेल तर कागद पिवळा पडलेला असतो. महाजालावरील बातमी पिवळी पडत नाही. तीन वर्षांपूर्वीचे पान आजच्याइतकेच ताजे दिसते. कोल्हापूर जिल्ह्यात या साध्या गोष्टीला जिवाचे मोल आहे.

पंचगंगेची पाणीपातळी राजाराम बंधाऱ्यावर फुटांत मोजली जाते. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी होय. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन्ही महापुरांत पाणी ५५ फुटांच्या वर गेले. पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला, गावे तुटली, आणि लोकांचा माहितीचा मुख्य आधार भ्रमणध्वनी हाच राहिला. अशा वेळी 'पंचगंगा इशारा पातळीवर' किंवा 'राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले' या बातम्या क्षणाक्षणाला पुढे पाठवल्या जातात. ही वाक्ये बहुतेक प्रत्येक पावसाळ्यात खरी असतात. ती केव्हाची आहेत, हे न कळल्यास मात्र घातक ठरतात. गेल्या वर्षीची बातमी आज आली तर घर सोडण्याची धावपळ होते. सकाळची पातळी संध्याकाळी वाचली तर घर सोडण्यास उशीर होतो.

म्हणून वृत्तपानाच्या आरेखनात काळाची नोंद ही दुय्यम बाब ठरत नाही. प्रसिद्धीचा दिनांक व वेळ, त्यानंतरच्या बदलाची वेळ आणि वर्षाचा स्पष्ट उल्लेख मथळ्याजवळ हवा. 'दोन तासांपूर्वी' असे सापेक्ष लेखन चित्र काढून पुढे पाठवल्यावर निरर्थक होते. पूर्ण दिनांक मात्र चित्रातही टिकतो. पातळीचा आकडा देताना तो कोणत्या वेळी मोजला हे त्याच वाक्यात असावे, कारण वाक्य पानापासून तुटून एकटे फिरणार आहे, हे आरेखकाने गृहीत धरावे लागते. पुराच्या काळात वीज आणि जोडणी दोन्ही क्षीण असतात. त्या वेळी चलचित्रे व जाहिरातींनी जड झालेले पान उघडत नाही. केवळ मजकूर असलेली हलकी आवृत्ती ठेवणे हे अशा जिल्ह्यातील संकेतस्थळाचे कर्तव्य मानले पाहिजे. वारणेच्या लघुसंदेशाचा धडा येथे पुन्हा उपयोगी पडतो.

काळाशी संबंधित दुसरी बाब दुरुस्तीची. छापील पत्राला दुसऱ्या दिवशी चूक कबूल करावी लागते आणि ती कबुली कायमची छापली जाते. संकेतस्थळावर चूक गुपचूप पुसता येते. वाचकाला सोयीचे वाटले तरी हे विश्वासार्हतेला मारक आहे, कारण ज्यांनी चुकीची बातमी आधी वाचली त्यांना दुरुस्ती झाल्याचे कळतच नाही. काय बदलले आणि केव्हा बदलले, याची नोंद पानावर ठेवणे हाच योग्य मार्ग होय.

तिसरी बाब पत्त्याची. महाजालाचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच, म्हणजे वारणेचा प्रकल्प सुरू झाला त्याच वर्षी, संकेतपानांचे पत्ते बदलू नयेत असा आग्रह मांडला होता. संकेतस्थळाची नवी आवृत्ती तयार होते, जुने पत्ते रद्द होतात आणि त्या पत्त्यांचा आधार घेऊन लिहिलेले सारे संदर्भ पोकळ होतात. संशोधकांना याचा अनुभव नित्य येतो.

वाचनाची रीत आणि मराठी वाक्यरचना

पडद्यावरील वाचन कागदावरील वाचनाहून वेगळे असते, हे जेकब नील्सन यांनी १९९७ मध्ये दाखवून दिले. त्यांच्या चाचणीतील ७९ टक्के वापरकर्ते नव्या पानावरून नजर फिरवीत. शब्दन् शब्द वाचणारे केवळ १६ टक्के होते. यावरून मथळा स्वयंपूर्ण असावा, मुख्य मुद्दा आधी यावा, परिच्छेद लहान असावेत, असे नियम रूढ झाले. २०१० मध्ये ईथन मार्कोट यांनी पडद्याच्या आकारानुसार आपोआप जुळवून घेणाऱ्या पानांची कल्पना मांडली आणि ती सर्वत्र स्वीकारली गेली.

हे नियम मराठीला लावताना एक भेद ध्यानात घ्यावा लागतो. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते आणि नकार तर त्याच्याही शेवटी. भ्रमणध्वनीच्या अरुंद पडद्यावर किंवा सूचनेच्या पट्टीत मथळा अर्ध्यावर कापला जातो. 'पूरस्थितीमुळे पूल वाहतुकीसाठी बंद करणार नाही' हा मथळा कापला गेला की 'पूरस्थितीमुळे पूल वाहतुकीसाठी बंद करणार' एवढेच उरते आणि बातमीचा अर्थ नेमका उलटा होतो. संपादकाने लिहिलेले खरे असते, वाचकाने वाचलेले खोटे ठरते, आणि दोघांचाही दोष नसतो. 'पूरस्थितीतही पूल वाहतुकीसाठी खुलाच' असे लिहिले तर मथळा आखूड होतो आणि शेवटी कापला जाईल असा नकारही उरत नाही. असा विचार इंग्रजीतील पाठ्यपुस्तकांत आयता मिळणार नाही, कारण इंग्रजीत नकार साधारणतः क्रियापदाच्या आधी येऊन जातो. मराठी नवमाध्यमाचे व्याकरण मराठीच्या शिक्षकांनीच लिहावे लागेल.

महाविद्यालयांपुढील कार्य

वरील विवेचन केवळ वृत्तपत्रांपुरते नाही. प्रत्येक महाविद्यालयाचे संकेतस्थळ हे एक वृत्तमाध्यमच आहे. प्रवेशाच्या तारखा, परीक्षा अर्ज, शिष्यवृत्तीच्या सूचना, वसतिगृहाची यादी ही विद्यार्थ्याच्या आयुष्यातील बातमीच असते. परंतु अनेक ठिकाणी संकेतस्थळाची रचना मूल्यांकनासाठी येणाऱ्या समितीला डोळ्यांसमोर ठेवून झालेली आढळते. समितीला हवी असलेली कागदपत्रे पहिल्या पानावर आणि विद्यार्थ्याला हवी असलेली सूचना चार पायऱ्या आत, अशी मांडणी होते. वारणेच्या शेतकऱ्याला जशी काटा-पावती हवी होती, तशी विद्यार्थ्याला आपली तारीख हवी असते. त्याचा शोध तेथूनच सुरू व्हावा.

सूचना कागदावर छापून, सही-शिक्का करून, तिचे छायाचित्र संकेतस्थळावर चढवण्याची पद्धतही तपासून पाहावी. अशा चित्रातील अक्षरे शोधयंत्राला सापडत नाहीत, लहान पडद्यावर वाचता येत नाहीत आणि दृष्टिहीन विद्यार्थ्याचे वाचनसाधन ती उच्चारू शकत नाही. तीच सूचना युनिकोड मराठीत टंकलिखित करून दिल्यास तिन्ही अडचणी एकाच वेळी दूर होतात. सहीची प्रत सोबत जोडण्यास अर्थातच हरकत नाही.

याखेरीज मराठी, भूगोल, वाणिज्य व संगणक विभागांना एकत्र येऊन करता येईल असे एक काम आहे. परिसराची ताजी आणि तपासलेली माहिती मराठीत लिहिणारे विद्यार्थी घडवणे, हे ते काम. १९९८ च्या प्रकल्पात यंत्र होते. रोज लिहिणाऱ्या हातांची तरतूद हा सर्वांत कठीण भाग होता. आज यंत्र विद्यार्थ्याच्या खिशात आहे. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियासारखे खुले व्यासपीठ उपलब्ध आहे. गावाचा इतिहास, नदीच्या पुराच्या नोंदी, आठवडी बाजार, पीकपद्धती यांवर संदर्भासह नोंदी लिहिणे हा उत्तम प्रकल्प ठरू शकतो, आणि मूल्यांकनानंतर तो कपाटात बंद होण्याचे कारण उरत नाही.

निष्कर्ष

१) महाजाल प्रकल्पाचे यश यंत्रांच्या संख्येपेक्षा गरज, मजकूर आणि जबाबदारी यांच्या मेळावर अवलंबून असते. वारणेत ऊस व्यवहाराची माहिती टिकली, कारण तेथे हा मेळ होता.

२) साधन जितके वापरणाऱ्याच्या हाताशी, तितकी सेवा परिणामकारक. लघुसंदेशाच्या प्रयोगाने कमी साधनांत अधिक उपयुक्तता सिद्ध केली.

३) मानक अक्षरव्यवस्था ही मराठी मजकुराच्या शोधाची व जतनाची पूर्वअट आहे. जुन्या टंकांतील मजकुराचे रूपांतर ही तातडीची गरज आहे.

४) महाजालावरील वृत्तात पूर्ण दिनांक व वेळ, दुरुस्तीची उघड नोंद आणि कायम टिकणारा पत्ता या किमान अटी मानाव्यात.

५) मराठी वाक्यरचनेला अनुसरून मथळालेखनाचे स्वतंत्र नियम तयार करणे आवश्यक असून ते काम भाषाविभागांचे आहे.

वारणा खोऱ्यातील पहिली संगणक केंद्रे आता इतिहासजमा झाली आहेत. त्यांच्याकडे पाहताना यंत्रे का बंद पडली, एवढाच प्रश्न विचारणे पुरेसे नाही. शेतकरी त्या केंद्राची पायरी कशासाठी चढत होता, हा प्रश्न अधिक मोलाचा आहे. पुढील प्रत्येक संकेतस्थळाच्या पहिल्या बैठकीत तो विचारला गेला, तर १९९८ चा खर्च वाया गेला असे म्हणता येणार नाही.